डावे हात

माझी बायको प्रेमला गेल्याचं कळलं त्या सकाळी मी पंधरा मिनिटं शिकवलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पहाटे लातूर हललं, आम्ही सगळे गल्लीत येऊन उभे राहिलो. कुणाच्या भिंतीला तडा गेला होता, कुणाची मांडणीवरची भांडी पडली होती. उजाडलं तशी माणसं चहा करायला आत गेली. माझी सातची बॅच होती. मी अंघोळ करून क्लासला गेलो. साडेतीनशे पोरांच्या पत्र्याच्या हॉलमध्ये अकरा पोरं आली होती आणि सोमवारी चाचणी होती म्हणून त्या अकरांना मी शिकवायला सुरुवात केली. प्रेमला माझ्या डोक्यात नव्हती असं नाही. पण मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ती खेड्यात आहे, तिथं सगळी एकमजली घरं, दोन-दोन हात रुंद भिंती, पडलं तर शहरात पडेल. त्या भिंती नुसत्या दगडमातीच्या होत्या आणि माळवदावर हात-दीड हात मातीचा थर होता, हे मी तिच्या खोलीवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी मी तसं ठरवलं. फळ्यावर एक उदाहरण अर्धं झालं होतं तेव्हा शेषेराव सर आत आले. क्लास त्यांचा. ते नेहमी माइकवरून बोलायचे, त्या दिवशी माझ्या कानाशी आले. म्हणाले, "मॅडम कोणत्या गावाला असतात म्हणालात?" मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला.

औशाच्या पुढं जीप सोडावी लागली. दुपारी बारा-साडेबाराला मी गावाच्या ठिकाणी पोहोचलो. ठिकाणी म्हणतो, कारण गाव नव्हतं. जिल्हा परिषदेची शाळा तेवढी उभी होती. सुदाम म्हणून एक पालक मला ओळखत होता, त्याची मुलगी प्रेमलाच्या वर्गात होती. त्याच्या अंगावर नुसती माती होती. तो म्हणाला, "सर, बाईला शाळेत ठिवलंय. चला." वाटेत तो एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत राहिला, "बाई काल लातूरला जाणार व्हत्या सर. पोरांनी गणपतीसाठी ठिवून घेतलं." पोरांनी ठेवून घेतलं हे खरं असेल, पण त्याआधी मीच तिला निरोप पाठवला होता की एका दिवसाच्या सुट्टीसाठी कशाला हेलपाटा घालतेस, मला पेपर तपासायचे आहेत. शाळेच्या व्हरांड्यात चादरी टाकल्या होत्या. आतल्या भिंतीवर तिच्या हातचे तक्ते तसेच होते, रंगीत कागद चिकटवलेले. ती शनिवारी लातूरला यायची ती हे तक्ते करायचं सामान घेऊन, आणि मी तिला चिडवायचो की तुझ्या नोकरीत डोकं कमी, डिंक जास्त.

पुढचे आठ-नऊ महिने मी क्लासमध्ये शिकवतच होतो. भूकंपानं लातूरच्या क्लासांना काही झालं नाही. उलट त्या वर्षी बारावीचा निकाल लागल्यावर बाहेरगावची पोरं आणखी वाढली, नांदेडहून, परभणीहून, बीडहून. पोरं खोल्या करून राहायची. कॉलर माइक लावून मी दोन फळे भरायचो, पहिला पुसेपर्यंत दुसरा. माझा वेग प्रसिद्ध होता. तासाच्या शेवटी मी विचारायचो, "समजलं का?" साडेतीनशे गळ्यांतून आवाज यायचा, "हो सर." तो आवाज मला आवडायचा. मग एक दिवस जिल्हा परिषदेतून पत्र आलं. पत्नी सेवेत असताना वारली, तर अनुकंपा तत्त्वावर मला घेता येईल, कारकून म्हणून लगेच, शिक्षक व्हायचं असेल तर आधी प्रशिक्षण. मी कारकुनी नको म्हटलं. का म्हटलं, हे मला धड सांगता येत नाही. लोक म्हणाले तिच्या आठवणीसाठी. तसं काही नव्हतं. मला वाटलं, शिक्षक तर मी आहेच, कागद तेवढा आणायचा. शेषेराव सर म्हणाले, "अहो, पोरं तुमचं नाव विचारून ॲडमिशन घेतात, आणि तुम्ही आता फळा पुसायला शिकायला चाललात?" आम्ही दोघेही हसलो. जूनच्या शेवटी मी नांदेडला आलो, बी.एड.ला.

खोलीत माझ्याबरोबर बसवंत होता, देगलूरचा, वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मी लातूरच्या क्लासचा म्हटल्यावर त्यानं मला नावच ठेवलं, पॅटर्न. "ओ पॅटर्न, काय करून राह्यलाव? तक्ता? तुम्हाला कशाला लागतो हो तक्ता?" मलाही तेच वाटत होतं. आमचा सराव पाठ पस्तीस मिनिटांचा असायचा. त्याआधी टाचण काढायचं, म्हणजे वहीत रकाने पाडून लिहायचं की शिक्षक काय करतील, विद्यार्थी काय करतील. विद्यार्थ्यांचा रकाना मला कळायचा नाही. ते काय करणार? ऐकतील, उतरवून घेतील. मी तेच लिहायचो, ओळीनं, वर खुणा करून. माझा पहिला पाठ सहावी 'ब'ला होता, अपूर्णांकांचा भागाकार. दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. बारा मिनिटांत माझा फळा भरला. पाच उदाहरणं, सुबक. मग मी वळलो आणि पुढं तेवीस मिनिटं उरली होती. मागच्या बाकावर आमच्या प्राध्यापिका निरीक्षण लिहीत होत्या आणि त्यांच्या शेजारी वर्गशिक्षिका सिंधुबाई बसल्या होत्या, निवृत्तीला आलेल्या, मांडीवर स्वेटरचं विणकाम. मी विचारलं, "समजलं का?" एक्केचाळीस गळे म्हणाले, "हो सर." मग खिडकीजवळच्या एका मुलीनं हात वर केला. तिचं नाव राजकन्या. ती म्हणाली, "सर, उलटं का करायचं?"

मी म्हणालो, नियम आहे. ती म्हणाली, "हाव. पण का?" वर्ग हसला. मी तिला बस म्हणालो आणि सहावं उदाहरण लिहिलं. मला आठवतं, माझे कान तापले होते. मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षापर्यंत शिकलेला माणूस. नऊ वर्षं गणित शिकवत होतो, माझी पोरं इंजिनीअर झाली होती, डॉक्टर झाली होती, आणि उलटं का करायचं हे मला माहीत नव्हतं. माहीत नाही हेही माहीत नव्हतं. तास सुटल्यावर सिंधुबाई विणकाम पिशवीत घालत म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुमचं. पण तुम्ही फळ्याला शिकवलंत हो. फळ्याला येतच होतं ते." बसवंतनं ते संध्याकाळी मेसमध्ये सगळ्यांना सांगितलं. मला राग आला. त्या बाईचा, त्या पोरीचा, टाचणाच्या वहीचा. विष्णुपुरीकडं जाणाऱ्या रस्त्यानं मी बराच लांब चालत गेलो, आणि चालता चालता मला प्रेमलाचा राग आला. इतका आला की मी थांबलो. कारण एका शनिवारी ती मला हेच सांगत होती. तिच्या वर्गातला एक मुलगा भागाकाराचं उत्तर मान्यच करेना. म्हणायचा, बाई, वाटल्यावर कमी होतं, वाढतं कसं? तर ती म्हणाली, मी मग काय केलं, सगळ्यांना घरून एकेक माप आणायला सांगितलं, चिपटं, मापटं, जे असेल ते. आणि मग... मग काय? मी त्या वेळी चाचणीचे गठ्ठे तपासत होतो. मी हं म्हणालो. ती पुढं बराच वेळ बोलत होती, हात करून दाखवत होती, एकदा हसलीसुद्धा. मला तिचे हात दिसतात. शब्द नाहीत. नऊ वर्षांच्या संसारात तिनं असल्या किती गोष्टी सांगितल्या असतील, आणि माझ्याकडं त्यातली एकसुद्धा शेवटापर्यंत नाही. तिच्या टाचणवह्या असत्या तर पाहिल्या असत्या. पण तिच्या गावातल्या खोलीतून काहीच निघालं नव्हतं.

मी मापांवर पाठ घेतला. चौथा की पाचवा पाठ असेल. बाजारातून चिपटं आणि मापटं आणलं, टेबलावर ज्वारी ओतली. पोरं पुढं सरकली. मी म्हणालो, हे चिपटं. एक पोरगा म्हणाला, "सर, हे दिवाळीचं खेळणं आहे का?" शहरातली पोरं, त्यांच्या घरी किलोनं पीठ यायचं. तिच्या पोरांना जे हातात धरून कळत होतं ते या पोरांना आधी शिकवावं लागत होतं, त्यातच तास गेला आणि ज्वारी सगळ्या वर्गात सांडली. सिंधुबाई वाकून ती वेचू लागल्या. मी राहू द्या म्हणालो तर म्हणाल्या, "पुढचा तास इतिहासाचा आहे सर, त्यांना नको त्रास." राजकन्या आपणहून केरसुणी घेऊन आली. मी तिला विचारलं, तुला कळलं का अर्ध्यात पाव किती वेळा जातं? ती म्हणाली, "ते मला आधीच येतंय सर. आमची माय दूध घालती. अर्धा लिटर द्यायचं तर पाव लिटरचं माप दोनदा. पण त्यात उलटं कुठं केलं?" तिला चिडून बोलावं असं काहीही तिच्या बोलण्यात नव्हतं. तरी मी चिडलो. मी म्हणालो, "तू परीक्षेत उत्तर लिही, का ते नको विचारू." ती मान हलवून झाडू लागली. नंतर तिनं कधी हात वर केला नाही.

ते मला लागलं. क्लासमध्ये एखादा पोरगा गप्प झाला असता तर मला कळलंही नसतं. इथं खिडकीजवळ एक हात वर येत नव्हता आणि मला तेवढंच दिसत होतं. मी दुसऱ्यांचे पाठ मागे बसून बघायला लागलो, सिंधुबाईंचे तास तर न सांगता. त्या काही खास करायच्या नाहीत. प्रश्न विचारायच्या आणि थांबायच्या. ते थांबणं मला सहन व्हायचं नाही. पोरगं उभं आहे, वर बघतंय, खाली बघतंय, वर्ग चुळबुळतोय, आणि बाई विणकाम नसलेले हात टेबलावर ठेवून उभ्या. मला वाटायचं सांगून टाका, सांगून टाका. मी विचारलं, तुम्ही मनात किती आकडे मोजता? त्या म्हणाल्या, "मोजत नाही. घरी गेल्यावर पाय दुखतात, त्यावरून कळतं." मग म्हणाल्या, "एका वर्गात दोन-तीनदा थांबता येतं सर. जास्त नाही. माणूस संपतो." प्रेमला शनिवारी यायची तेव्हा आधी तासभर पडून राहायची. मी म्हणायचो, चाळीस पोरांत एवढं काय दमायचं, मी साडेतीनशे सांभाळतो.

उत्तर मला जानेवारीत सापडलं, एका रविवारी दुपारी, खोलीत जमिनीवर बसून. कागदाच्या तीन पट्ट्या घेतल्या होत्या. तीन भागिले दोन तृतीयांश. म्हणजे तीन पट्ट्यांमधून दोन तृतीयांश किती वेळा निघतात. आधी प्रत्येक पट्टीचे तीन तुकडे केले, झाले नऊ. म्हणून तीननं गुणायचं. मग दोन-दोनच्या जोड्या लावल्या, म्हणून दोननं भागायचं. साडेचार. उलटं वगैरे काही नव्हतंच. आधी तुकडे करा, मग जोड्या लावा. सदतिसाव्या वर्षी मला भागाकार कळला. बसवंत दाढी करत होता. मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, "लई भारी. आता परीक्षकाला दाखवा आणि सुटा." मला ते दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं होतं.

वार्षिक पाठ मार्चमध्ये. बाहेरचे दोन परीक्षक येणार होते, एक मुंबईकडचे, एक औरंगाबादचे. याच पाठावर पास-नापास, आणि पास झाल्याशिवाय जिल्हा परिषदेचं पत्र पुढं सरकणार नव्हतं. एक वर्ष आधीच गेलं होतं. मी तीच पट्ट्यांची कल्पना घेतली, सहावी ब मागून घेतली. आदल्या दिवशी बसवंत म्हणाला, "पॅटर्न, पोरांना हातांचं सांगितलं का न्हाई?" हे सगळ्या कॉलेजांत चालतं. पाठाच्या वेळी वर्ग जिवंत दिसला पाहिजे, म्हणून आदल्या दिवशी पोरांना सांगून ठेवायचं की प्रश्न विचारला की प्रत्येकानं हात वर करायचाच. ज्याला येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. शिक्षकानं उजव्यालाच विचारायचं. परीक्षकाला वाटतं, काय वर्ग तयार केलाय. मी नको म्हणत होतो. बसवंत म्हणाला, "तुमची बायको गेली, एक साल गेलं, आता नोकरीपण घालवता का?" एवढं स्पष्ट मला कुणी बोललं नव्हतं. मी मधल्या सुट्टीत वर्गात गेलो आणि सांगितलं. पोरांना हे नवं नव्हतं, माझ्या आधी पाच-सहा जणांनी सांगितलं होतं. त्यांनी दोनदा सराव करून दाखवला. राजकन्यानंही केला. सिंधुबाई दारात उभ्या होत्या.

पाठ चांगला सुरू झाला. प्रस्तावना झाली, आज आपण काय शिकणार ते पोरांकडूनच काढलं, तक्ता लावला. दोन्ही परीक्षक मागे, औरंगाबादचे जरा जाड, सारखा घाम पुसणारे. मी मागच्या पाठाची उजळणी म्हणून पहिला सोपा प्रश्न विचारला. एक भागिले एक चतुर्थांश किती? सगळा वर्ग हात वर. मी उजवा हात शोधायला लागलो आणि मला तो लवकर सापडेना. पहिल्या बाकावर डावे. दुसऱ्या बाकावर डावे. खिडकीच्या रांगेत सगळे डावे, पावाचं माप येत असून 'का' न कळलेल्या राजकन्याचासुद्धा. हा धडा मी वर्षभरात या वर्गाला तीनदा शिकवला होता आणि तीनही वेळा वर्ग म्हणाला होता, हो सर. त्या दिवशी पोरांनी मला पहिल्यांदा खरं सांगितलं, तेही मीच सांगितलं होतं म्हणून. मी मोजले. मोजायला नको होते, पण सवय. एक्केचाळिसात सत्तावीस. मला एकदम तो पत्र्याचा हॉल दिसला, त्यात किती असतील, नऊ वर्षांत मिळून किती असतील. मी गप्प उभा होतो. हे थांबणं सिंधुबाईंसारखं नव्हतं. मला पुढं काय करायचं तेच सुचत नव्हतं. चौदा उजवे हात होते, त्यातला कुणीही चालला असता. मी म्हणालो, "राजकन्या."

ती उठली. हात अजून वरच होता. तिनं आधी हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मी चुकलो असं वाटून मला सावरायला म्हणून हळूच म्हणाली, "सर, माझा डावा हाय."

मागून घाम पुसणारे परीक्षक म्हणाले, "डावा आहे म्हणजे?" वर्ग खदखदून हसला. पहिल्या बाकावरच्या एका आगाऊ पोरानं उभं राहून त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं, उजवा म्हणजे काय, डावा म्हणजे काय, आणि हेही सांगितलं की "मागच्या सरांचं पण असंच होतं." दोन्ही परीक्षक वहीत लिहू लागले. राजकन्याला कळलं आपण काय केलं ते. ती रडायच्या बेतात आली. मी म्हणालो, "बरोबर केलंस. हात खाली घे. ज्यांचे ज्यांचे डावे होते त्यांनी पुढं या." पस्तीस मिनिटांतली दहा गेली होती. टाचणात यातलं काहीच नव्हतं. सत्तावीस पोरं फळ्यासमोर जमिनीवर बसली, चौदाजण बाकांवर उभी राहून बघू लागली. मी पट्ट्या वाटल्या, पुरल्या नाहीत, तेव्हा वहीचे कागद फाडले. एक भागिले एक चतुर्थांशपासून सुरुवात केली. एका पोराला पट्टीचे सारखे चार तुकडेच करता येत नव्हते, त्याला घडी घालायला शिकवावं लागलं. एक मुलगी म्हणाली चारच आले, नियम न लावता आले, मग नियम कशाला? मी थांबलो. पाय दुखत होते. तिनंच थोड्या वेळानं सांगितलं, पट्ट्या शंभर असल्या तर कोण फाडत बसणार. मग तीन भागिले दोन तृतीयांश घेतलं. राजकन्यानं फळ्यावर तीन पट्ट्या काढल्या आणि प्रत्येकीत दोन-दोन रेघा मारल्या. मी विचारलं, किती तुकडे? ती म्हणाली, "नऊ. म्हणून तीननं..." आणि ती फळ्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर काहीतरी येत होतं. घंटा झाली.

परीक्षक उठले होते, त्यांना शेजारच्या वर्गात बसवंतचा पाठ बघायचा होता. मी म्हणालो, पाच मिनिटं. मुंबईकडचे म्हणाले, "वेळेचं नियोजन हा पाठाचाच भाग असतो." औरंगाबादचे जाता जाता माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरगी खरं बोलली हो तुमची," आणि गेले. इतिहासाचे सर दारात उभे होते. त्यांनी आत येऊन फळा पुसला. दुसऱ्या दिवशी मी सिंधुबाईंकडं एक तास मागितला. त्या म्हणाल्या, दहावीचं केंद्र आहे, उद्यापासून खोल्या बोर्डाच्या ताब्यात, सहावीला सुट्टी. मी म्हणालो, मग तुम्ही सांगाल का त्यांना पुढचं? त्या म्हणाल्या, "बत्तीस वर्षं मी पण उलटं करा, गुणा, एवढंच सांगत आले सर. सांगा बरं मला." आम्ही शिक्षकांच्या खोलीत बसलो, मी पट्ट्या काढल्या, तेवढ्यात त्यांना बोर्डाच्या कामाला बोलावलं आणि त्या गेल्या. तीस एप्रिलला त्या निवृत्त झाल्या.

निकाल लागला. वार्षिक पाठात मला काठावर पास केलं होतं, शेरा होता, पाठ अपूर्ण, वर्गनियंत्रण ढिले. बसवंत पहिल्या वर्गात आला. जिल्हा परिषदेनं मला जिल्ह्याच्या टोकाच्या एका शाळेत पाठवलं आहे, इथं चौथीपर्यंतच वर्ग आहेत. माझ्याकडं दुसरी आहे, तेवीस पोरं. बेरीज चालू आहे. शनिवारी मी तासभर पडून राहतो. शेषेराव सरांचं पत्र आलं होतं, नवा हॉल बांधलाय, सहाशेचा, परत या. मी उत्तर दिलेलं नाही. नांदेडच्या त्या शाळेला मी दोनदा पत्र लिहिलं, एक तास द्या म्हणून, उत्तर आलं नाही. ती पोरं आता सातवीत गेली. नऊ तुकडे करून झालेत. जोड्या लावायच्या राहिल्या आहेत.